निखिलचा उजवा हात

मी मूळचा करमाळ्याचा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते, आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तेही गणिताच्या सरांनी स्वतःच्या घरी बसवून शिकवलं म्हणून, त्यांचे उपकार कसे विसरू. पुढे पुण्यात कॉम्प्युटरचं काम शिकलो, कंपनीने हॉलंडला पाठवलं तेव्हा आमचा निखिल चार वर्षांचा होता. झूटरमेरला घर आणि हेगला ऑफिस, ते अजून तसंच आहे.

मला क्रिकेटचं भारी वेड, पण इथे खेळणार कुणाबरोबर, म्हणून घरामागच्या गवतावर रोज संध्याकाळी मी आणि निखिल, दोघंच. मी चेंडू जोरात मारायचो आणि सांगायचो, घाबरायचं नाही, एक हात पोचला तर एक, पण चेंडू सोडायचा नाही. थंडीत त्याची बोटं लाल व्हायची, ही गॅलरीतून ओरडायची, अहो, पोराचे हात आहेत की उलथनी? आम्ही हसायचो. हसायचो हो.

मग शाळेतल्या मित्रांबरोबर तो बेसबॉलला गेला. बेस म्हणजे धावणाऱ्याने एकेक करून गाठायचे थांबे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात, निखिल तिथे खेळायचा, फार अवघड जागा, चेंडू अडवायचा आणि धावणारा पोचायच्या आत लांब पहिल्या बेसला फेकायचा. डाव्या हातात चामड्याचा ग्लव्ह, उजवा हात फेकण्यासाठी जपायचा. काय सांगू तुम्हाला, अथेन्सची ऑलिम्पिक झाली त्या उन्हाळ्यात वरच्या लीगमधल्या क्लबने त्याच्याशी पगारी करार केला, वय किती, तर सतरा. पोरगा चेंडूच्या आधी तिथे पोचलेला असायचा.

त्याचे कोच मूळचे कुरसाव बेटावरचे, मला बघितलं की म्हणायचे, आले क्रिकेटवाले, चहाची सुट्टी कधी? एकदा निखिलने उघड्या उजव्या हाताने चेंडू धरला, सगळे लोक उभे राहिले, मी तर शिट्टी मारली. कोच मात्र माझ्याजवळ आले, म्हणाले, ही तुमची सवय आहे, माझं तो ऐकत नाही, तुम्ही सांगा, हा हात मोडला तर सगळं संपेल. मी हो हो म्हटलं. आणि नाही सांगितलं. मला अभिमान होता ना, सगळ्या हॉलंडात असा झेल माझ्याच मुलाचा, म्हणून नाही सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेहून खेळाडू निवडणारा एक माणूस निखिलला बघायला आला. तिसऱ्याच डावात चेंडू वेगाने उजवीकडे आला, ग्लव्ह पोचेना, याने हात घातला. चेंडू धरला त्याने, सोडला नाही. मधल्या बोटाची दोन हाडं गेली. डॉक्टरांनी तारा घातल्या, बोट जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि नंतर त्याची फेक कधी डोक्यावरून जायची, कधी पायाशी पडायची. तो माणूस पुन्हा आला नाही. यंदा निखिलला दुसऱ्या बेसवर उभं करतात, तिथून फेकायचं अंतर कमी.

वर्षभर मी झोपेतसुद्धा तेच बघत होतो. गेल्या रविवारी सामन्यानंतर गाडीत एकदाचं बोललो, निखिल, कोचनी मला बजावलं होतं, मी तुला सांगितलंच नाही रे. तो समोर बघत होता, म्हणाला, बाबा, मला माहीत आहे, हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा कोचनी विचारलं होतं, बाबांनी तुला सांगितलं नव्हतं का? मी विचारलं, मग तू काय म्हणालास? म्हणाला, मी म्हटलं, सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

गाडी चालवत राहिलो. त्याचं भलं होवो, जिथे उभा राहील तिथे. माझं एवढंच मागणं उरलंय.