आमच्या घरात न विचारायचं वाक्य

आमचं गाव दांडी, बोईसरच्या पुढं, पार दर्याला लागून. मी जन्मली शेजारच्या नवापुरात, लग्न करून इथं आली, म्हणजे या किनाऱ्यावरनं त्या किनाऱ्यावर, त्यात काय जाणं. शाळा चौथीपर्यंत. मग बोंबील वाळवायचे, बोईसरच्या बाजारात बसायचं, भांडायचं, विकायचं. आता म्हातारपणी मी फ्रेंच शिकली बोलली तर तुमी हसाल. हसा, सगळं गाव हसलं.

काय सांगू तुमाला, माझी एकच पोर, वैशाली. कंपनीत लॅबमध्ये कामाला होती, तिथं मशीन बसवायला फ्रान्सचा माणूस आला, ते मशीन बसलं आणि माझी पोर उठून त्याच्याबरोबर गेली. जावई वाईट नाय हां, आमच्यात मांडी घालून बसून सुकटीची चटणी खाल्ली त्यानं, डोळ्यातनं पाणी काढत खाल्ली. कामगारांत राहून हिंदी शिकला, तेवढीच आमची त्याची बोली. तिकडं नात झाली, लिया. फोनवर वैशाली मधे बसायची, आजी काय बोलते ते तिला सांगायची, ती काय बोलते ते मला. मग वैशाली आजारी पडली आणि गेली, मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाय. लिया तेव्हा पाच वर्षांची. फोन लागायचा, तिकडं ती गप, इकडं मी गप. मधे बोलणारीच नाय. मग मी ठरवलं, मेली काय ती भाषा, माणसंच बोलतात ना.

बोईसरला एक टीचर हाय, इंग्लिश शाळेतल्या पोरांना फ्रेंच शिकवते. बाजार उठला की टोपली तिच्या दाराबाहेर ठेवायची आणि पोरांच्या बाकावर जाऊन बसायचं. पोरं नाक दाबायची, दाबू दे. टीचर मराठी अक्षरात शब्द लिहून द्यायची. मासा म्हणजे पोआसों, आणि मासा तिकडं पण तो, पण होडीला त्यांनी बाप्या केलंय, ती होडी नाय, तो होडी, आता काय बोलायचं. ऐंशीला ते चार वीस बोलतात, म्हटलं हे बरं हाय, आमची सासू पण विसा-विसानंच मासे मोजायची. बोंबलाची जोडी तोंडात तोंड अडकवून दोरीवर वाळत टाकायची आणि एक शब्द बोलायचा, जोडी टाकायची आणि शब्द बोलायचा. शेजारीण बोलली, हिरा, बोंबलांना शिकवतेस काय गं.

पण येत गेलं. लिया, जेवलीस काय, शाळेत गेलीस काय, एवढं मी विचारायची. ती हसायची, मला आजी बोलायची, तो शब्द वैशालीनं तिला शिकवलेला.

एक दिवस टीचरनं वाक्य दिलं, तू व्हियाँ काँ. म्हणजे तू कधी येशील. मी बोलली, हे नको, पुढचं सांग. ती बोलली, अगं मावशी, साधं वाक्य हाय. साधं तुमच्यात. आमच्यात बोटीवर जाणाऱ्याला कधी येशील विचारत नाय, विचारलं की दर्या उत्तर देतो, असं सासू बोलायची. चाळीस वर्षं नवरा बोटीवर गेला, कधी विचारलं नाय. वैशाली विमानात बसायला निघाली, तिला पण नाय विचारलं. मग लेकराला विचारू?

पुढं जावयानं दुसरं लग्न केलं. करणारच, एकटा बाप्या काय करील. नव्या बायकोची आई लियाची नवी नानी झाली. मग लिया फोनवर येईना. झोपली, खेळते, बाहेर गेली. मी एकदा हट्टच धरला, खरं काय ते सांग. तो बोलला, "मम्मी, लिया बोलती है, नई नानी हर बार पूछती है तू कब आएगी. आजी कभी नहीं पूछती. आजी को मैं नहीं चाहिए."

मी त्याला सांगायला गेली, आमच्यात असं असं हाय, पण ते हिंदीत सांगता येईना. टीचरकडनं फ्रेंचमध्ये सांगायला लावलं, तो बोलला, समझाऊंगा. काय समजावलं, देव जाणे.

मग मी ते वाक्य घोकलं. सासूची माफी मागितली आणि घोकलं, बोंबील टाकताना, चुलीपुढं, रिक्षात. रोज फोन लावायची, कधी लागायचा, कधी नाय, लागला तरी जावईच बोलायचा. अशी दोन-तीन वर्षं गेली. परवा लागला आणि लियानंच उचलला. आवाज केवढा मोठा झालाय तिचा. मी बोलली, लिया, आजी, तू व्हियाँ काँ?

ती फोन बाजूला धरून बापाला बोलली, "से की, पापा?"

कोण हाय ते. पहिल्या धड्यातलं वाक्य, टीचरला विचारायला लागलं नाय. जावई फोनवर आला, तर मी बोलली, कुछ नहीं, राहू दे.

आता क्लासला जात नाय. टीचर बाजारात भेटते, बोलते, मावशी, पुढचा धडा घेऊ. म्हटलं, कोणाशी बोलू? पोर सुखात राहो, तिला विचारणारी आजी मिळाली, चांगलं झालं. बोंबील टाकायला बसली की तोंडात ते शब्द येतात, ते काय थांबत नाय.