ठिपका

सिस्टर: ते सगळं राहू द्या मिस्त्री. मला एकच सांगा, मुलींच्या सरावाच्या या रबरी हातात शीर आहे की नाही?

मिस्त्री: आहे.

सिस्टर: सकाळपासून सहा मुलींनी सुई घातली. एकीलाही रक्त लागलं नाही. सहावी तुमची लेक, समोर बसलीये, वर्गात पहिली आलेली. तिचीही पहिली खेप फुकट गेली. म्हणून परीक्षा थांबवून तुम्हाला आत बोलावलं.

मिस्त्री: नळी जोडलीय, पिशवीत लाल पाणी भरलंय, गळती नाही. मी स्वतः तपासून आणलंय. थांबा, दाखवतो. तुमचं बोट द्या. इथे. दाबू नका, नुसतं टेकवा. लागलं?

सिस्टर: नाही.

मिस्त्री: अजून जरा आत.

सिस्टर: हं. आहे खरी. पण ही कुठे जाऊन बसली? आधी ती अशी मधोमध होती.

मिस्त्री: आधी होती.

सिस्टर: मी तुम्हाला काय सांगितलं होतं? हात गळतोय, तेवढा बुजवून द्या. नवी कातडी घाला असं म्हटलं होतं का मी? शीर हलवा असं म्हटलं होतं?

मिस्त्री: नव्हतं म्हटलं.

लेक: सिस्टर, तुम्ही कितीही विचारा, ते एका वाक्याच्या वर बोलायचे नाहीत. घरीही असंच. बाबा, मला विचारू द्या. हे तुम्ही मुद्दाम केलंत?

मिस्त्री: मुद्दामच केलं.

लेक: बघा. शांतपणे सांगतात. बाबा, आज माझी शेवटची परीक्षा आहे. सोमवारी वॉर्डात रुजू व्हायचंय. प्रत्येकीला दोन खेपा असतात, त्यातली एक गेली. दुसरी गेली की सहा महिने घरी. आणि हे तुम्हाला माहीत होतं.

मिस्त्री: हो. म्हणून तर तीन दिवस हात मांडीवर घेऊन बसलो होतो. आज द्यावा की परीक्षा झाल्यावर द्यावा.

लेक: मग झाल्यावर द्यायचा होता ना. तेवढं तरी.

सिस्टर: तू जरा थांब. मिस्त्री, तुम्ही सोफे शिवणारे. दहा वर्षांपूर्वी हा हात फाटला तेव्हा मीच तुमच्या दुकानात घेऊन आले होते. बाहेरच्या कंपनीचा नवा हात परवडत नव्हता आणि तुम्ही तो असा शिवून दिलात की कंपनीलाही जमला नसता. तेव्हापासून या खोलीतली प्रत्येक वस्तू तुमच्या हातची. मी तुमच्यावर कधी शंका घेतली नाही. आज घेतेय. सरळ सांगा, काय झालं?

मिस्त्री: सरळ सांगतो, पण रागावू नका. पाणी गळतंय कुठून ते बघायला मी जुनी कातडी सोलली आणि दिव्यासमोर धरली. अख्ख्या हातभर कातडी कोरी करकरीत. आणि कोपराच्या खाली, नखाएवढ्या जागेत, चाळणी. सगळ्या सुया तिथेच. घरातला म्हातारा रोज सोफ्यावर एकाच जागी बसतो ना, तसा खड्डा पडला होता.

सिस्टर: शीर तिथेच होती, म्हणून सुया तिथेच.

मिस्त्री: शीर वीतभर लांब आहे, सिस्टर. मी घातलीय, मला माहीत. वीतभर शिरेत सगळ्या मुलींना नखाएवढीच जागा कशी सापडते?

सिस्टर: काय म्हणायचंय तुम्हाला?

मिस्त्री: मी काही म्हणत नाही. ही बसलीय ना पुढ्यात, हिला विचारा.

सिस्टर: काय गं? खाली काय बघतेस?

लेक: आम्ही त्याला ठिपका म्हणतो.

सिस्टर: कशाला?

लेक: त्या भोकांना. लांबून ती राखाडी दिसतात, बारीक डागासारखी. आधीच्या वर्गातल्या मुली पहिल्याच दिवशी कानात सांगतात. पट्टा बांध, बोटानं शोधल्यासारखं कर आणि ठिपक्यात घाल.

सिस्टर: शोधल्यासारखं कर.

लेक: हो.

सिस्टर: आणि तू? तुझा तर मी सगळ्यांना दाखला द्यायचे. बघा, हिचा हात किती हलका आहे म्हणून.

लेक: हात हलका आहे, सिस्टर. पण शीर मी कधी शोधलीच नाही. मघाशी पहिल्यांदा कळलं. कातडी कोरी बघितली. कुठे बघावं तेच कळेना.

सिस्टर: अठरा वर्षं मी ही खोली चालवतेय. आजवर या परीक्षेत एकही मुलगी नापास झाली नाही. दरवर्षी सगळ्यांसमोर उभी राहून हे मिरवते मी. आणि शिकवत कोण होतं, तर भोकं.

मिस्त्री: तुमची चूक नाही हो यात.

सिस्टर: माझीच आहे. शिवाय सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगितलीच नाही. मीही अशाच एका हातावर शिकले. तेव्हा आम्ही त्याला खिडकी म्हणायचो.

लेक: सिस्टर, तुम्हीसुद्धा?

सिस्टर: हसू नकोस. वॉर्डातला माझा पहिला आठवडा. एक आजोबा होते, हातावर सुरकुत्याच सुरकुत्या. चारदा टोचलं मी त्यांना. चौथ्यांदा मला रडू यायला लागलं, तर ते म्हणतात, पोरी, तू दमलीस, जरा बस, मी कुठे पळून जातोय. आजही आठवलं की कानशिलं तापतात. आणि इतकं सगळं होऊन मी तीच गोष्ट पुढच्या मुलींच्या गळ्यात घातली. माझ्या डोळ्यांदेखत.

मिस्त्री: तुम्ही त्यांचे हात बघत होता. हात चांगलेच चालत होते.

सिस्टर: तुमचं समजूत घालणंही शिवणासारखंच आहे, टाका दिसत नाही. बरं, आता काय करायचं? बाहेर आठ मुली रांगेत बसल्यात आणि आत येऊन गेलेल्या पाचजणींनी त्यांना सांगून टाकलंय की हात बिघडलाय. जुनी कातडी टाकून दिलीत?

मिस्त्री: नाही. माझ्या पिशवीत आहे.

सिस्टर: म्हणजे तुम्हीही अर्ध्या मनानं आलात तर.

मिस्त्री: बाप आहे मी. म्हणून घेतली बरोबर. शीर परत मधोमध सरकवून पाच मिनिटांत चढवून देतो. भोकं बुजवलीत, पण ठिपका दिसतो.

लेक: दिसतो?

मिस्त्री: डोळे मिटूनही दिसेल तुला.

सिस्टर: हे बघ, मी नियमानं बोलते. आजवरच्या सगळ्या मुली जुन्या हातावर पास झाल्या. तुलाही तो मागायचा हक्क आहे. तू हो म्हण, मिस्त्री कातडी चढवतील, दोन मिनिटांत तू पास आणि सोमवारी वॉर्डात. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. नवा हात पुढच्या वर्गापासून लावू.

लेक: आणि याच हातावर दुसरी खेप दिली तर?

सिस्टर: तर ती खरी खेप. लागलं तर लागलं. नाही लागलं तर नापास लिहावं लागेल. ते मात्र मी चुकवणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

लेक: बाबा, तुम्ही काहीतरी बोला.

मिस्त्री: मी बोललो तर ते माझं होईल.

लेक: आज सकाळपासून घरी सगळेच विचित्र वागतायत. आई पाणीच पीत सुटलीय. मी निघाले तेव्हा चौथा पेला चालू होता. म्हटलं, काय झालं, तर म्हणे घशाला कोरड पडलीय. माझ्या परीक्षेचा धसका घेतलाय तिनं, दुसरं काय. आणि इकडे तुम्ही.

मिस्त्री: तिचं तिला असू दे. तुझं ठरव.

लेक: सिस्टर, तुम्हाला माझ्या आईचं माहीत नाही. डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलंय. मागच्या खेपेला तपासणीच्या दुकानात पाचदा टोचलं तिला. कोपरापासून मनगटापर्यंत निळंजांभळं. मी शेजारी उभी होते आणि मला त्या मुलीचा इतका राग आला होता. आई मलाच दटावत होती, गप्प बस, तिला घाबरवू नकोस. तेव्हापासून आठ महिने झाले, ती गेलेली नाही. लांब बाह्यांचे कपडे घालते आणि विषय काढला की उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणते, तू शिकून ये, मग तूच काढ.

सिस्टर: आणि तू काय म्हणालीस?

लेक: हो म्हणाले. ऐटीत. वर्गात पहिली आहे मी, असंही म्हणाले.

सिस्टर: हं.

लेक: ती मुलगीही ठिपक्यावरच शिकली असेल, नाही?

सिस्टर: असेल.

लेक: बाबा, ती पिशवी बंद करा. हाच हात घेते मी.

सिस्टर: नक्की?

लेक: नक्की नाही. पण घेते.

सिस्टर: मग ये, नीट बस. खुर्ची पुढे ओढ. आज मी तुला ते शिकवते, जे पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं. पट्टा बांध. आता डोळे मीट.

लेक: मिटून?

सिस्टर: मिटून. डोळ्यांनीच घात केलाय आपला. तर्जनी टेकव. घासू नकोस. हलकेच दाब आणि सोड. जे दबून परत वर येतं, ते शोध.

(ती डोळे मिटून रबराच्या हातावरून बोट फिरवते.)

लेक: इथे काहीतरी आहे. नाही, हा नुसता स्पंजाचा उंचवटा आहे.

सिस्टर: शाब्बास. काय नाही ते कळलं, हेही शिकणंच. पुढे जा.

लेक: ही आहे. बारीक आहे. बोटाखालून सरकते हो ही.

सिस्टर: म्हाताऱ्या हातात सरकतेच. खालून अंगठ्यानं कातडी ताणून धर, म्हणजे पळणार नाही. सुई नंतर. आधी ती कुठून कुठे जाते ते ओळख.

लेक: मनगटाकडून सरळ येते. मग इथे, कोपराच्या चार बोटं अलीकडे, बाहेर वळते. आणि वळते तिथे कातडी जरा जाड लागते, जुन्या भाजल्याच्या खुणेसारखी.

मिस्त्री: हं.

लेक: बाबा.

मिस्त्री: बोल.

लेक: ही खूण मला माहीत आहे. हा आईचा हात आहे.

मिस्त्री: आधी सुई घाल.

लेक: तुम्ही तिचा हात कसा घेतलात?

मिस्त्री: ती मटार सोलत बसली होती. म्हटलं, डावा हात दे जरा. पेनानं शिरेवर रेघ ओढली आणि वर पातळ कागद ठेवून गिरवून घेतली. ती विचारत होती, म्हातारपणी हे काय खूळ काढलंय. आता सुई घाल. बोट शिरेवर आहे तोवर.

सिस्टर: डोळे उघड. अंगठा सोडू नकोस. सुई आडवी, अजून आडवी. घाई नाही. जा आत.

लेक: आलं.

सिस्टर: आलं. थांब, नळी भरू दे. आता आधी काय?

लेक: आधी पट्टा सोडायचा. मग सुई काढायची. मग कापूस.

सिस्टर: आणि मग श्वास सोडायचा, तो विसरलीस. पास. हे बघ, इथे लिहिलं. दुसऱ्या खेपेला पास, असंच लिहितेय, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

लेक: नाही वाटत. पहिल्या खेपेची वाटतेय.

सिस्टर: बाकीच्या पाचजणींची सकाळची खेप मी धरत नाही. नापास झाले ते मी. दुपारी सगळ्यांना डोळे मिटून बसवते आणि उद्या परीक्षा नव्यानं. मिस्त्री, दर आठवड्याला शीर हलवून द्याल?

मिस्त्री: देईन. कातडी रोज रात्री बदलली तरी चालेल मला. शेजारची काकू आहे, तिचा हात चांगला जाड आहे. शीर खोल सापडेल.

सिस्टर: तुम्ही आता गल्लीभर कागद घेऊन हिंडणार असं दिसतंय.

लेक: लोक दारं लावून घेतील, बाबा.

सिस्टर: बरं, चला. आमचा एक रिवाज राहिलाय. पास झालेल्या मुलीनं पहिली खरी सुई माझ्या हातात घालायची. अठरा वर्षं मी हा हात पुढे करतेय. आणि आज कळतंय, तोही ठिपकाच. माझ्या शिरा दोरखंडासारख्या, आंधळ्यालाही सापडतील. तरी रिवाज तो रिवाज. घे.

मिस्त्री: सिस्टर, आजच्या दिवस तुमचा हात राहू द्या.

सिस्टर: का हो?

मिस्त्री: हिची आई बाहेर बाकावर बसलीय. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलीय. तुम्ही शेजारी उभ्या राहणार असाल तरच.

सिस्टर: उभी राहीन. बोलवा त्यांना.

लेक: बाबा, ती कधीपासून बसलीय?

मिस्त्री: तू घरातून निघालीस, तुझ्या मागोमाग निघालो आम्ही. पाण्याची बाटली घेऊन बसलीय. तूच सांगितलं होतंस ना तिला, भरपूर पाणी प्यायलं की शीर वर येते.