उजवा कौल

सातेरीच्या देवळात आपल्या कौलाच्या पाळीची वाट पाहत मोरेश्वर खाली मान घालून बसला होता. पुढ्यातली भावंडे हळू बोलत होती. पण देवळाच्या शांततेत शब्द लपत नव्हते.

"लीला, मुंबयच्या कॉलेजाचा पत्र इला. माका घेवक नाय."

"कधी इला?"

"आठ दिवस झाले."

"आणि बाबाक सांगूक नाय? अरे पदमा!"

"कोल्हापूरच्यांनी घेतल्यानी मां? दोनय कॉमर्स कॉलेजां सारकीच, मास्तरच म्हणतत. कौल कोल्हापूरचो पडलो तर सांगूची गरजच काय?"

"आणि मुंबयचो पडलो तर?"

पद्माकर गाभाऱ्याकडे पाहू लागला. तोवर गुरवाने मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या होत्या.

"बा देवी म्हाराजा! ह्या गंगारामाचो झील शिकाक जाता. उजवी पडली तर मुंबय, डावी पडली तर कोल्हापूर. खंयचा बरा, ता तूच दाखव!"

"व्हय म्हाराजा!" सारे एका सुरात म्हणाले.

उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली.

"मुंबय!" गंगारामाने हात जोडले. "बघ रे झिला, देवीन तुका मुंबय दिल्यान!"

"बाबा, परत एकदा विचारूया?"

"देवीक खोटी पाडतंस? लीला, ह्येका सांग गो कायतरी."

लीला पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दिलेलो कौल खरो कर म्हाराजा!" गुरव म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

"पदमा, तू म्हणूक नाय," गंगाराम म्हणाला. "मोठ्यान म्हण, देवीक आयकू येवंदे."

"व्हय म्हाराजा," पद्माकर म्हणाला.

मोरेश्वराला त्याच्या पाठीकडेही पाहवेना.