वायरमनला दिलेल्या शिव्या

अजून डोकं तापलंय माझं, ऐक.

मुरबाडच्या भातगिरणीचं वेबॲप मी आणि सुनील करतोय. ओल्या भाताच्या वजनात किती घट धरायची, ते गणित आमच्याच एका लायब्ररीत, म्हणजे कोडच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. ते चुकलं होतं. खर्डीला घरी बसून सुधारलं, तरी स्क्रीनवर जुनाच आकडा. आणि चार वाजता गिरणीवाले बघायला येणार!

सुनीलला फोन केला. "सेव्ह केलं की कोड आपोआप रीलोड होतो रे, मीच लावलंय. तुझंच गणित चुकलं असंल."

बरोबर असलेलं गणित मी दुपारपर्यंत सात वेळा बदललं. शेवटी वैतागून सकाळी सुधारलेलं पहिलंच परत लिहिलं, तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, त्याच्यावर चालणारा ॲपचा सर्व्हरही बंद. वायरमनला फोन करून नाय नाय ते बोललो.

लाइट आली, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि आकडा बरोबर!

सुनीलला फोन करून सांगितलं, तर थंडपणे म्हणतो, "हां, रीलोड फक्त ॲपच्या फोल्डरला लावलंय. लायब्ररी बदलली की सर्व्हर बंद करून चालू करायला लागतो."

"मग सकाळी का नाय बोललास?"

"तू कुठं विचारलंस?"

मी वायरमनला परत फोन लावला. तो घाबरून म्हणाला, "दादा, लाइट तर आली ना?"

म्हटलं, "आली भाऊ. मघाच्या शिव्या तेवढ्या परत द्या, त्या सुनीलच्या आहेत."