बुरुजाची ठिगळं

अनुष्का : आणि हे ठिगळ, काकू? पायरीच्या वरचं?

जयवंती : ते पन आमच्या मानसाचं. मार खडू.

अनुष्का : नक्की काशीरामकाकांचंच? दगडाइतकंच जुनं दिसतंय.

जयवंती : बाय, पस्तीस वर्सं त्याच्या हातचा चहा नाय प्यायले, पन चुना बघितला. अंगठ्याने दाबायचा. बघ, वाकडा उठलाय.

अनुष्का : मारला. तेवीस ठिगळं झाली. उद्या कामगार छिन्नीने काढतील सगळी.

जयवंती : काढू दे.

अनुष्का : तुम्हाला... काही वाटत नाही?

जयवंती : वाटाया पायजे का? तेराव्याला बायका माझ्या तोंडाकडं बघीत बसलेल्या, कवा रडते म्हनून. मला आपलं वाटत व्हतं, पुऱ्या गार झाल्या.

अनुष्का : सॉरी, काकू.

जयवंती : तू कशाला सॉरी? तू थोडाच मारलास त्याला.

अनुष्का : नाही, पण हे काढायला मीच लावतेय ना. खाली चार फूट खणलं, जुना पाया छान लागला. पण पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, हा बुरूज गेल्या पावसाळ्यात बांधलाय का? नवा चुना काढून जुना दगड दाखवला नाही, तर संरक्षित वास्तूंच्या यादीत घेणार नाहीत. मग नवा रस्ता इथूनच जाणार.

जयवंती : म्हंजे त्याने नीट ठेवला म्हनून पडायचा.

अनुष्का : हो. तसंच झालंय.

जयवंती : मोठा शाना! अर्नाळ्याहून गोनीभर शिंपल्या आनायचा, भाजायचा, चुन्यात गूळ घालायचा. घरात चहाला गूळ नाय! म्हनलं, या दगडाशीच लगीन लावायचं व्हतं. तर म्हने, त्याला दुसरं कोन हाय?

अनुष्का : पण कोणी सांगितलं होतं त्यांना?

जयवंती : कोन सांगनार? एकदा वरनं दगड पडला, बैल बिथरला. तो दगड परत बसवला. मग बसवीतच गेला.

अनुष्का : चला, शेवटचं राहिलं. हे, झरोक्याखालचं.

जयवंती : ते नाय. ते जुनं.

अनुष्का : रंग तर बाकीच्यांसारखाच आहे.

जयवंती : जुनं हाय.

अनुष्का : काकू, यात नायलॉनचा दोरा अडकलाय. जाळ्याचा. हिरवा.

जयवंती : असंल. आधीची लोकं लय हुशार व्हती.

(अनुष्का खडू खिशात टाकते.)

अनुष्का : बरं. जुनं म्हणून लिहिते. किती जुनं लिहू?

जयवंती : मला काय कळतं त्यातलं. कोनी हात लावनार नाय, इतकं लिव.