शटरवरचा खडू

फिट आली की माणूस जातो कुठं, काका? सांगा ना, तुम्ही मोठे आहात — नाही, आधी तो फडका खाली ठेवा. ठेवा म्हटलं ना! … ओरडलो, चुकलं माझं. बसा, इथं पायरीवर बसा. मी धाकटा भाऊ तिचा. हे शटर जिनं आखलं — ही अक्षरं, ही खालची किल्ली — तिचा. कोपऱ्यावरच्या सेंटरवर गाड्या धुतो मी. कोणीतरी म्हणालं, पेंटर तुझ्या ताईचा खडू पुसायला आलाय, तसा सुटलो. हे बघा, फेस अजून कोपरापर्यंत. एक गाडी अर्धी साबणात उभी आहे तिकडं, मालक शिव्या घालत असेल, घालू दे.

काय विचारत होतो मी? हां, फिट. सगळ्यांना विचारून झालंय. डॉक्टर म्हणाला, मेंदूत वीज चमकल्यासारखं होतं. म्हटलं, होत असेल, पण तेव्हा ताई कुठं असते? डोळे उघडे आणि आत कोणीच नाही, असं कसं? तो हसला, गोळ्या बदलून दिल्या. आईला विचारलं, ती म्हणाली, जा पाणी भर. एकदा ताईलाच विचारलं, तर म्हणते, "मला काय विचारतोस माकडा, मी नसतेच तिथं. तू असतोस, तू सांग." आता मी काय सांगू? मी आपला तिला कुशीवर वळवायचो, शर्ट काढून डोक्याखाली ठेवायचो आणि बसायचो. लोक चमचा घेऊन धावायचे, तोंडात घाल म्हणायचे — एकाला मी ढकललाच, तो जाऊन रंगाच्या डब्यावर पडला, हिरवागार झाला. ताई शुद्धीवर आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याला कोणी रंगवलं? कडा नीट नाही आल्या." हो! जीभ चावलेली, धड बोलता येत नव्हतं, आणि हे! मग त्याची माफी मागितली, रॉकेल लावून त्याचे हात पुसून दिले. मला नाही मागू दिली माफी. म्हणाली, तुला जमणार नाही, तू परत ढकलशील.

पाट्यांचं वेड होतं तिला. शाळेतून काढली तिला — वर्गात पडायची, बाकीची मुलं घाबरतात म्हणाले. मी पाचवीत सोडली, मला कोणी काढलं नाही, मीच पळालो. तर ती दुपारभर रस्त्यावर, ज्यांना पेंटर परवडत नाही त्यांच्या पाट्या रंगवत. तुमच्या पोटावर पाय नव्हती देत ती, काका, गैरसमज नको. तो पुलाखाली चपला शिवतो ना, त्याला अक्षर वाचता येत नाही. ताईनं त्याच्या पेटीवर चित्र काढलं, बूट, तोंड वासलेला, टाक्यांचे दात, खो खो हसणारा. मी म्हटलं, नाव लिही की त्याचं. म्हणते, "पाटी त्याची, मग त्याला नको का वाचता यायला?" असं होतं तिचं. मला सुचलंच नसतं. मला काही सुचत नाही, मी आधी करून बसतो आणि मग —

कुठं होतो? खडू. हा शेवटचा तिचा. आखलं आणि म्हणाली, उद्या रंग भरू, ऊन यायच्या आत, लवकर उठव मला. सकाळी उठवायला गेलो तर … डोळे तसेच, काका. नेहमी व्हायचे तसेच. मला वाटलं, गेलीये, येईल. यायचीच ना ती! कुशीवर वळवली, शर्ट काढला, डोक्याखाली ठेवला, बसलो. आईला हाक पण नाही मारली, म्हटलं कशाला उगाच तिला घाबरवायचं. ताई आली की काहीतरी वेड्यासारखं बोलणार, ते आधी मला ऐकायचं होतं. हात गार लागत होता, तो चोळत बसलो. मग आई आली, तिनं बघितलं आणि ती खालीच बसली. तरी मी म्हणतोय, थांब ना आई, येतेय ती.

हे कोणाला नव्हतं सांगितलं मी. तुम्हाला का सांगतोय? तुमच्या हातात फडका आहे म्हणून.

तुम्ही रंग चांगला भरलाय, खोटं कशाला बोलू. काल समोरून लपून बघत होतो, रेघेबाहेर रंग गेला नाही कुठं. पण त्या रेघाच बघा ना. ही इथं चुकली तर अंगठ्यानं पुसून परत काढलीये, अंगठा दिसतोय अजून. इथं हात हललाय. घरात काय राहिलंय तिचं? कपडे आईनं वाटून टाकले. ब्रश आहेत, पण ब्रश काय, कोणाचेही असतात. तिचा हात इथंच आहे, या पत्र्यावर. आणि तुम्ही म्हणता, ओला फडका मारला की झालं.

काय? … माहितीये मला. मला नका सांगू. हे दुकान ज्यांचं, ते चावीवाले आजोबा शटर वर करत नाहीत. वर केलं की पत्रा घासतो, खडू जातो. ताई गेल्यापासून चाव्या कापायचं मशीन बाहेर मांडून उन्हात बसतात, डोक्यावर रुमाल टाकून. मला अवाक्षर बोलले नाहीत. शेवटी सुनेनंच तुम्हाला बोलावलं. उन्हानं डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या, चावीचे दात दिसत नाहीत, चुकतात, लोक चाव्या परत आणून आपटतात. मी जाता-येता बघतो आणि मान खाली घालून पुढं जातो. ताईनं काय केलं असतं? मला धरून बडवला असता. "म्हातारा भाजतोय तिकडं, आणि तू खडू सांभाळत बसलास, गाढवा?" असंच म्हणाली असती. एव्हाना म्हणाली असती.

द्या. द्या तो फडका. नाही, तुम्ही नका, तुम्ही रगडाल. वरून खाली, एकदाच, हलक्या हातानं — तिनं शिकवलंय मला, नाहीतर अक्षर मळतं. थांबा, साबण आहे हाताला, पँटला पुसतो … हं. ही रेघ गेली. ही पण. किल्लीभोवतीची गेली … कड बघा कशी निघाली, एकदम कापल्यासारखी. काका, आजोबांना सांगा ना, मशीन आत घ्या म्हणावं. नाही, तुम्हीच सांगा, मला नाही जमणार. एवढा तिचा अंगठाच राहिलाय, तो मी पुसतो.

जा ना काका. बघत काय उभे राहिलात? जा.