निकाल बापाला मिळत नाही

मी मूळचा मसुऱ्याचा. बाप शेतकरी, मी एस्टीत कंडक्टर, मालवण-कुडाळ गाडीवर उभं आयुष्य उभ्यानेच गेलं. तुमच्याशी मराठीत बोलतोय, पण मधेच मालवणी घुसेल, तिला तिकीट लागत नाही. तर गाडीत कॉलेजची पोरं असायची आणि थांब्यावर त्यांचे आईबाप, खिडकीशी येऊन विचारायचे, आमचो झील कॉलेजाकडेच उतारता मा रे? कोण कुठे उतरतो, कोणाशेजारी बसतो, मला सगळं ठाऊक. पण मी म्हणायचो, मी तिकिटां फाडतंय, पोरां राखीत नाय. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याच्या पोरांबाबत माणूस फार तत्त्वाचा असतो.

मग माझीच सुलू कॉलेजात गेली. माझे थोरले भाऊ, दादा, घरातले कर्ते, त्यांनी फोंड्याचं एक स्थळ आणलं आणि जाहीर केलं, चेडू पास झाला तर शिकांदे, रवला तर लगीन. मी हो म्हटलं. दादांपुढे हो म्हणायचीच पद्धत. निकाल लागला आणि सुलू बोलेना. खाली मान घालून जेवते, उठते. मला विचारायचा धीर होईना आणि न विचारता चैन पडेना.

रजेच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीत डिसोझाबाई. म्हटलं, मुलीचे गुण सांगा. त्या म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, तिला घेऊन या नाहीतर तिची सही आणा, लोक लग्नाच्या बोलणीआधी मामा-काका बनून मुलींचे गुण बघायला येतात म्हणून प्राचार्यांचा हुकूम आहे. म्हटलं, अहो, पण मी बाप. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, काल या मुलीचे एक वडील येऊन गेले. काळी टोपी, कोट. तुम्ही दुसरे.

कोट म्हणजे आमचे दादा. एरवी तो फक्त जत्रेला निघतो. राग यायला हवा होता, पण आधी तोंडातून निघालं, त्यांना काय सांगितलंत? बाई म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं तेच. ज्या खिडकीवर मी इतका वेळ चरफडत होतो, तिला नमस्कार करावासा वाटला बघा.

घरी आलो, सुलू मागीलदारी भांडी घासत होती. म्हटलं, कॉलेजात जाऊन इलंय, माका कोणी काय सांगूक नाय. तू सांगशीत तर आयकतंय. ती बराच वेळ घासलेलंच भांडं घासत राहिली. मग म्हणाली, एका विषयात रवलंय बाबा, ऑक्टोबरात परत देतंय. म्हटलं, दी.

रात्री पानावर दादांनी विचारलं, काय रे, निकालाचा काय झाला? म्हटलं, थंय बापाक सांगणत नाय, दादानु. एकाच चेडवाचे दोन बापूस इले, म्हणान बायेक संशय इलो. दादा मान वर न करता म्हणाले, कढी वाढ गो.

स्थळवाल्यांना घाई होती, ते दुसरीकडे गेले. सुलू ऑक्टोबरात सुटली, पुढे शिकली, आता रत्नागिरीला नोकरी करते. कुठल्या विषयात राहिली होती, ते मला आजही ठाऊक नाही. कुतूहल आहेच, बापाला असतंच, आणि विचारलं तर ती सांगेलही. पण नाही विचारत. सुखात आसा, सुखात रवांदे.